हाताचा की डोक्याचा? : शिकण्याच्या तऱ्हा आणि आपली परीक्षा

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हां सर्वांना एक प्रश्नावली भरावयास दिली. एखादी नवी गोष्ट समजून घ्यायची असेल तर तुम्ही चित्र पाहता, कोणाला विचारता, लिहून काढता की सरळ करून पाहता, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. उत्तरांची बेरीज केली की आपण ‘पाहून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’, ‘वाचून-लिहून शिकणारे’ की ‘करून शिकणारे’ हे कळते, असे सरांनी सांगितले. वर्गात एकच गलका झाला. जो तो शेजाऱ्याला “तू कोण निघालास?” म्हणून विचारू लागला. माझ्या वाट्याला ‘ऐकून शिकणारी’ हे नाव आले.

मला ते त्या वेळी पटलेही. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नव्हते. आई दुसरीपर्यंत आणि वडील चौथीपर्यंत शिकलेले. तेव्हा मी जे काही शिकले ते बाईंच्या तोंडून ऐकूनच, असे मला वाटले. परंतु आठ दिवसांनी मी तीच प्रश्नावली गणित डोळ्यांपुढे ठेवून पुन्हा भरली, तर मी ‘पाहून शिकणारी’ निघाले! शिवणकाम डोळ्यांपुढे ठेवले, तेव्हा ‘करून शिकणारी’ झाले. सरांना विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “शंका आली ना? मग वाच आणि लिही.” त्या वाचनातून हा लेख तयार झाला आहे.

या विषयाकडे वळण्याचे आणखी एक कारण घरचे आहे. माझा धाकटा भाऊ आठवीत असताना त्याच्या शिक्षकांनी वडिलांना बोलावून सांगितले, “हा मुलगा हाताचा आहे, डोक्याचा नाही. तुमच्याच कामाला लावा.” माझे वडील गवंडी आहेत. ते काही बोलले नाहीत, पण भावाने ते ऐकले. त्यानंतर गणिताच्या तासाला त्याने लक्ष देणेच सोडले, आणि दहावीला तो गणितात राहिला. ‘हाताचा’ आणि ‘करून शिकणारा’ या दोन शब्दांत काही नाते आहे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून छळत होता.

ही कल्पना आली कोठून?

सर्व मुले सारखी नसतात, हे शिक्षकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु या फरकांची शास्त्रीय मांडणी करण्याचे प्रयत्न गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणात झाले. अमेरिकेतील डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाचे एक चक्र मांडले व त्यावरून शिकणाऱ्यांचे चार प्रकार कल्पिले. आम्ही भरली तशी प्रश्नावली न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९८७ साली तयार केली. पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि करणे हे चार भाग त्यांचेच. फ्लेमिंग हे शाळा-तपासनीस म्हणून काम केलेले गृहस्थ होते.

याच सुमारास, १९८३ साली, हॉवर्ड गार्डनर यांचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. बुद्धी एकच नसून भाषिक, तार्किक, सांगीतिक, शारीरिक अशा अनेक बुद्धी असतात, असे त्यांचे म्हणणे. पुष्कळ ठिकाणी हा सिद्धांत आणि शिकण्याच्या तऱ्हा या दोहोंची सरमिसळ केलेली आढळते. वास्तविक गार्डनर यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले आहे की, आपला सिद्धांत म्हणजे शिकण्याच्या तऱ्हांचा सिद्धांत नव्हे.

या साऱ्या विचारामागचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. विद्यार्थ्याला समजले नाही की दोष त्याच्या बुद्धीचा, असे मानण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. शिकवण्याच्या पद्धतीतही दोष असू शकतो, हे या मंडळींनी शिक्षकांच्या मनावर ठसविले. तेवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

तपासणीत काय आढळले?

परंतु हेतू चांगला म्हणून सिद्धांत खरा ठरत नाही. २००४ साली इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या तऱ्हांविषयीच्या सिद्धांतांचा आढावा घेतला. त्यांना असे थोडेथोडके नव्हे, तर ७१ निरनिराळे सिद्धांत आढळले. कोणी दोन प्रकार मानतो, कोणी चार, कोणी त्याहून अधिक. एकाच मुलाला इतकी नावे मिळू लागली तर त्यांतले खरे कोणते मानावे?

त्यानंतर २००८ साली हॅरॉल्ड पॅश्लर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अधिक मूलभूत प्रश्न विचारला. तो असा : प्रत्येकाला त्याच्या आवडीच्या तऱ्हेने शिकविले तर तो खरोखर अधिक शिकतो काय? हे सिद्ध कसे करता येईल, हेही त्यांनी सांगितले. समजा, एका वर्गात काही ‘पाहून शिकणारे’ आणि काही ‘ऐकून शिकणारे’ आहेत. दोन्ही गटांतील अर्ध्या मुलांना चिठ्ठ्या टाकून चित्रांनी शिकवा आणि उरलेल्यांना तोंडी शिकवा. मग सर्वांची एकच परीक्षा घ्या. पाहणाऱ्यांना चित्रांनी अधिक यश मिळाले आणि त्याच वेळी ऐकणाऱ्यांना तोंडी शिकवण्याने अधिक यश मिळाले, तरच हा सिद्धांत खरा. सगळ्यांनाच चित्रांचा फायदा झाला, तर एवढेच ठरते की तो धडा चित्रांनी शिकवणे चांगले. या कसोटीवर उतरणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. ज्या थोड्या प्रयोगांत ही कसोटी नीट लावली होती, त्यांतील काहींचे निष्कर्ष तर उलटच होते.

याचा अर्थ आवडनिवड नसते असा नाही. कोणाला व्याख्यान आवडते, कोणाला आकृती. परंतु आवडणे आणि त्याने अधिक समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मला गोड आवडते, म्हणून गोडानेच माझे पोषण होते असे नाही.

तीन-चार-पाच

हा भाग मला आमच्या घरच्या एका गोष्टीने अधिक नीट समजला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांबरोबर मी एका घराच्या आखणीला गेले होते. वडिलांनी एका कोपऱ्यात खुंटी ठोकली. एका दोरीवर ३ फुटांवर खूण केली, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन्ही खुणांमधले अंतर टेपने बरोबर ५ फूट येईतो दोरी सरकवली. “झाला काटकोन,” ते म्हणाले. “एका सुताचा फरक पडला तरी वर भिंत वाकडी जाते.” मोठी खोली असेल तर ते ६, ८ आणि १० घेतात. शेवटी दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की आखणी पक्की.

मी तेथेच उभी राहिले. हा तर पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास! दहावीत मी तो सिद्धतेसह पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता आणि त्याचे पूर्ण गुणही मिळविले होते. परंतु तो घराच्या कोपऱ्यात असतो हे मला ठाऊक नव्हते. वडिलांना काटकोन येत होता, प्रमेय येत नव्हते. मला प्रमेय येत होते, काटकोन येत नव्हता. आमच्यापैकी कोणाला गणित येते म्हणायचे?

मी वडिलांना विचारले, “आबा, ५, ६ आणि ८ घेतले तर चालेल का?” ते म्हणाले, “नाही चालणार.” का, ते त्यांना सांगता आले नाही. मग मी वाळूवर बोटाने लिहून दाखविले : ५ चा वर्ग २५, ६ चा वर्ग ३६, बेरीज ६१, पण ८ चा वर्ग ६४. म्हणून जमत नाही. “आता ५, १२ आणि १३ घेऊन बघा,” मी म्हटले. २५ आणि १४४ मिळून १६९, म्हणजे १३ चा वर्ग. त्यांनी टेप लावली आणि गुण्या टेकवून पाहिला. कोपरा बरोबर होता. वडील बराच वेळ त्या दोरीकडे पाहत राहिले. मग भावाकडे वळून म्हणाले, “हे पुस्तकात असतं होय रे?” भाऊ काही बोलला नाही, पण त्याने वाळूवरचे आकडे पुसू दिले नाहीत.

शिकण्याच्या तऱ्हांच्या सिद्धांताप्रमाणे माझे वडील ‘करून शिकणारे’ ठरले असते आणि मी ‘ऐकून शिकणारी’. त्यांना फक्त दोरी मिळाली असती आणि मला फक्त व्याख्यान. वस्तुतः दोघांनाही दोन्हींची गरज होती. काटकोन समजण्यासाठी आकृती पाहावी लागते, दोरी धरावी लागते, का हे शब्दांत सांगावे लागते आणि आकडेही मांडावे लागतात. हे पहिल्या बाकावरच्या मुलाला लागते, तसेच शेवटच्या बाकावरच्यालाही. म्हणजे शिकवण्याची तऱ्हा प्रामुख्याने विषयाने ठरते. नकाशाशिवाय भूगोल नाही, ऐकल्यावाचून कवितेची लय नाही आणि हात न चालवता शिवण नाही. शब्द आणि चित्र यांची जोड मिळाली तर बहुतेकांच्या लक्षात अधिक राहते, असे ॲलन पैव्हिओ यांनी १९७१ सालीच मांडले होते. तेही कोणा एका गटापुरते नव्हे.

मग विद्यार्थ्यांत फरक कशाचा?

येथे कोणी विचारील की, मग सर्वांना एकाच मापाने शिकवावे काय? मुळीच नाही. फरक आहेतच, मात्र ते डोळे आणि कान यांपेक्षा इतरत्र आहेत. मला जाणवलेले फरक असे :

पहिला फरक पूर्वज्ञानाचा. शिकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे, हीच शिकण्यातील सर्वांत महत्त्वाची बाब होय, असे डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ साली प्रतिपादन केले. ज्याच्या घरी रोज वर्तमानपत्र येते आणि ज्याच्या घरी ते फक्त भाकरी बांधण्यापुरते येते, त्या दोघांना राज्यशास्त्राचा एकच तास सारखा कसा समजावा?

दुसरा फरक भाषेचा. आमच्या घरची बोली आणि पुस्तकातील मराठी यांत बरेच अंतर आहे. प्रथम वर्षात ‘संकल्पना’ आणि ‘परिप्रेक्ष्य’ हे शब्द आले की मी दोन-दोन दिवस अडून राहत असे. विषय कठीण नव्हता. दाराची कडीच हाताला लागत नव्हती.

तिसरा फरक वेळेचा. पहाटे गोठा आवरून एस. टी. ने येणारी मुलगी आणि महाविद्यालयाशेजारी राहणारी मुलगी यांच्या हाती अभ्यासाचे तास सारखे नसतात.

चौथा फरक शारीरिक अडचणींचा व अध्ययन-अक्षमतेचा. ज्याला दिसत नाही किंवा ज्याला अक्षरे ओळखण्यात खरोखरची अडचण आहे, त्याची गरज ही आवडनिवड नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात व परीक्षेत योग्य ते बदल, जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे. तो त्यांचा हक्क आहे.

हे फरक प्रश्नावलीच्या बेरजेत दिसत नाहीत. ते विद्यार्थ्याशी बोलल्यानेच कळतात.

कोसबाडचा धडा

विद्यार्थ्याप्रमाणे शिक्षण बदलणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ साली ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, अशी तक्रार त्या काळी सर्वत्र होती. या दोघींनी ‘यांना शिक्षणाची आवड नाही’ असे म्हणून त्यांच्यावर शिक्का मारला नाही. मुले अंगणात असतात, तर बालवाडी अंगणात नेली. थोडी मोठी मुले गुरे राखायला कुरणात जातात, तर शाळाच कुरणात भरविली. महागडी साधने आणण्यापेक्षा बिया, पाने, शंख-शिंपले, खडे यांतून मोजणे आणि ओळखणे शिकविले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांनी साधने बदलली, जागा बदलली, वेळ बदलली. परंतु ‘ही मुले हाताची, यांना अक्षरे कशाला’ असे म्हटले नाही. वाट बदलली, मुक्काम बदलला नाही. मला वाटते, या एका वाक्यात या विषयाचे सार आहे.

परीक्षेविषयी थोडेसे

शिकवण्याचे झाले, आता परीक्षेचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व मांडले आणि महाराष्ट्रात २०१० साली त्याची योजना आली. तीत लेखी चाचणीबरोबर दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी अनेक साधने दिली होती. आमची पिढी याच योजनेत शिकली. कल्पना उत्तम होती. परंतु आमच्या शाळेत प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेली चित्रे वहीत चिकटविणे, आणि ज्याच्याकडे दहा रुपये नाहीत त्याला गुण कमी, असा प्रकार झाला. साधने अनेक झाली, पण त्यांतून काय मोजायचे ते कोणी ठरविले नव्हते. दोरीने वजन करता येत नाही आणि तराजूने लांबी मोजता येत नाही.

म्हणून परीक्षेची तऱ्हा निवडण्याआधी एकच प्रश्न विचारावा : आपल्याला काय तपासायचे आहे? एखाद्या घटनेची कारणे समजली की नाही हे पाहायचे असेल, तर ज्याचे अक्षर सावकाश चालते त्याला तोंडी विचारण्यास हरकत नसावी. परंतु निबंध लिहिता येतो का हे पाहायचे असेल, तर भाषण ऐकून गुण देता येणार नाहीत. आमच्या वर्गात एक मैत्रीण आहे. लोकगीतांवर ती तासभर सुंदर बोलते, परंतु उत्तरपत्रिकेत तिची अर्धी पुरवणीही भरत नाही. तिची केवळ लेखी परीक्षा घेणे अन्यायाचे आहे. पण ‘ती बोलणारी आहे’ म्हणून तिला लेखनातून कायमचे सोडविणे हा त्याहून मोठा अन्याय होईल. आधी तिचे बोलणे ऐकावे आणि मग तेच तिच्याकडून कागदावर उतरवून घ्यावे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मी ‘ऐकून शिकणारी’ म्हणून प्रथम वर्षात मला लेखन माफ झाले असते, तर त्या वेळी मला फार आनंद झाला असता. पण मग हा लेख मला लिहिता आला नसता.

परीक्षेचा आणखी एक उपयोग आपण विसरतो. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणारेच पुढे निघाले. म्हणजे परीक्षा हे केवळ मोजण्याचे नव्हे, तर शिकण्याचेही साधन आहे. मात्र त्यासाठी ती वर्षाच्या शेवटी भीती घेऊन येणारी नसावी. तासाच्या शेवटी पाच मिनिटांची, गुण नसलेली असावी.

समारोप

शेवटी नम्रपणे चार सूचना कराव्याशा वाटतात. अवघड धडा शब्द, आकृती आणि कृती अशा निदान दोन तऱ्हांनी सर्वांनाच शिकविला जावा. प्रत्येक पेपरच्या प्रारंभी त्या विषयातील नव्या शब्दांचा एक तास व्हावा. अंतर्गत मूल्यमापनात एक तोंडी आणि एक लेखी काम सर्वांना सारखेच असावे आणि प्रत्येकात काय पाहिले जाणार आहे ते आधी सांगितले जावे. आणि आपण विद्यार्थ्यांनी रोज रात्री झोपण्यापूर्वी पुस्तक मिटून, दिवसभरात शिकलेले दहा ओळींत लिहून काढावे. यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत.

आणि एक विनंती. कोणालाही ‘तू अमुक प्रकारचा’ असे सांगताना जपावे, मग ते नाव कितीही आधुनिक असो. ‘हाताचा’ म्हटले काय आणि ‘करून शिकणारा’ म्हटले काय, ऐकणाऱ्या पोराला त्यात एवढेच ऐकू येते की पुस्तक आपले नव्हे.

माझ्या भावाने गणिताच्या परीक्षेचा अर्ज पुन्हा भरला आहे. दिवसभर तो वडिलांच्या हाताखाली असतो आणि रात्री आम्ही दोघे भूमिती घेऊन बसतो. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. परवा तो म्हणाला, “ताई, ७, २४ आणि २५ पण जमतंय बघ.” हे त्रिकूट मी त्याला सांगितले नव्हते.